न केलेलं अपील

धम्मशीलाला विकेटकीपर कुणी मुद्दाम केलं नव्हतं. तिच्या गावच्या, चुडाव्याच्या पोरांनी तिला खेळात घेतलं खरं, पण पोरीच्या हातात बॅट कोण देतो? स्टंपामागं उभं राहून सुटलेले चेंडू अडवायला मात्र कुणी तयार नसायचं. ते काम तिच्या गळ्यात पडलं आणि तिनं ते असं धरलं, की पुढं परभणी जिल्ह्याच्या महिला संघात तिच्या जागेकडं बघायची कुणाची टाप नव्हती. उजव्या हाताची बोटं वाकडी झाली, गुडघे कुरकुरायला लागले. राज्याच्या संघाचं बोलावणं मात्र दरवर्षी दुसऱ्याच कुणाला तरी जायचं.

आता तिशी उलटली होती. पालमच्या एका शाळेत ती खेळ शिकवायची. यंदाच्या निवड चाचणीला एसटीनं परभणीला आली, तेव्हा प्रशिक्षक भागवत सरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की जिल्ह्यातून एकच कीपर पुढं जाणार, ती नाहीतर जिंतूरची रेणुका. तिच्यासाठी ही शेवटचीच चाचणी, हे ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

दुपारी रेणुका बॅटिंगला आली. ऊन कसलं, नुसता जाळ. धम्मशीला स्टंपाला चिकटून बसली होती. प्रत्येक चेंडूला खाली बसायचं, उठायचं, वर ओरडून सगळ्यांना हुरूप देत राहायचं, कारण कीपर गप्प झाली की संघ पेंगतो. तेवढ्यात एक फिरकी चेंडू न वळता सरळ गेला, रेणुकाच्या बॅटला पुसटसा लागला आणि धम्मशीलाच्या ग्लोव्हजमध्ये येऊन बसला. आवाज इतका बारीक, की बॉलरलाही कळलं नाही. कळलं ते त्या दोघींनाच.

आता फक्त ओरडायचं होतं. अपील केल्याशिवाय अंपायर आउट देत नाही, हा क्रिकेटचा कायदाच आहे. ओरडली असती तर रेणुका शून्यावर गेली असती आणि जागा हिची झाली असती. एरवी नुसत्या संशयावर गळा फाडणारी बाई ती! पण आज चेंडू हातात असून घशातून आवाज निघेना. निघेना म्हणजे काय, काढावासाच वाटेना. तिनं चेंडू गुपचूप बॉलरकडं फेकला.

त्यानंतर रेणुकानं गोलंदाजांना धू धू धुतलं. संध्याकाळी तिचंच नाव वाचलं गेलं. धम्मशीला नळावर तोंड धूत होती, तिथं रेणुका आली.

"ताई, बॅटला लागलता ना?"

"लागलता."

"मग माज्यासाठी सोडलं तुमी? लय मोठं मन हाय तुमचं."

नुसती मान हलवली असती तरी जिल्हाभर नाव झालं असतं. पण खोटं वागवायचं म्हणजे तेही एक ओझंच.

"मनाचं काई न्हाई गं," धम्मशीला म्हणाली. "तुज्यासाठी नव्हतं ते. मला वरडावंच वाटलं न्हाई. दमले मी."

रेणुकाचा चेहरा उतरला. उपकार असता तर तिनं आनंदानं मिरवला असता. याचं काय करावं ते तिला कळेना.

स्टँडवर पालमची गाडी लागलेली होती. खिडकीजवळची जागा मिळाली. उद्यापासून स्टंपामागं कुणासाठी वाकायचं नाही, या विचारानं धम्मशीलाला फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच तिला रडू आलं.