शेवटच्या धावपटूमागची सायकल

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो, आणि हळू चालण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. हसू नका. वेगात सायकल कुणीही पळवतं. दमलेल्या माणसाच्या मागे, तोल न जाता, घंटी न वाजवता चालून दाखवा, मग बोलू.

आमच्या गावची शर्यत छापखान्यातल्या आणि बेकरीतल्या कामगारांच्या पैजेतून सुरू झाली. पुलापासून निघायचं, टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा आणि परत पुलाशी यायचं. पहिल्याच वर्षी मोठा घोटाळा झाला. बेकरीवाले जिंकले, चहा झाला, भाषणं झाली, मंडळी घरी निघाली. तेवढ्यात एक बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "आमचे हे कुठे राहिले?" छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे त्यांचे यजमान पायात गोळा येऊन चढावर बसून होते. त्यांची आठवण एकालाही झाली नव्हती. बाईंनी तिथेच सगळ्यांची खरडपट्टी काढली.

त्या खरडपट्टीमुळेच मला रूप मिळालं. सायकल दुरुस्त करणाऱ्या मामांनी मला भंगारातून जुळवलं. पुढचं चाक सख्खं, मागचं सावत्र, आणि सीट कुठून आली ते मलाही ठाऊक नाही. नियम असा ठरला की सायकल शेवटच्या माणसाच्या मागे राहील, त्याला कधीही ओलांडणार नाही, आणि ती पुलाशी पोचल्याशिवाय शर्यत संपणार नाही.

मला गावचे पोस्टमनकाका चालवत. चढावर कुणी मटकन खाली बसलं, तर ते "उठा, चला" असं कधी म्हणत नसत. "मला काही घाई नाही," एवढंच म्हणत आणि एक पाय टेकवून उभे राहत. बसलेला माणूस थोड्या वेळानं आपणहून उठे. एका वर्षी तर वर्तमानपत्रात विजेत्यापेक्षा माझा फोटो मोठा आला, त्यावरून विजेता आठवडाभर फुगून बसला होता. काकांनाही धावायची फार हौस होती. पण ते धावले तर माझ्यावर बसणार कोण? त्यामुळे ते राहूनच गेलं, आणि मला त्याचं वाईट वाटे.

पुढे शर्यत मोठी झाली. नव्या समितीनं मागे राहिलेल्यांना उचलायला गाडी ठेवली. माझी रवानगी सभागृहामागच्या कोठीत झाली. तिथे माझे टायर बसले, चेन गंजली, हँडलवर कोळ्यानं संसार थाटला. बाहेर शर्यतीचा गलका सुरू झाला की माझा जीव तुटत असे.

मग एका सकाळी कोठीचं दार उघडलं. दारात पोस्टमनकाका होते आणि त्यांची मुलगी. काकांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं. बेतानं पळायला डॉक्टरांची हरकत नव्हती आणि काकांनी शर्यतीत नाव दिलं होतं.

"बाबा, मागे गाडी असते की," मुलगी म्हणाली.

"गाडीत बसायला नाही चाललो मी. एकदा तरी पूर्ण करायचीय, स्वतःच्या पायांनी. तू फक्त मागे राहा."

मुलगी विजेची कामं करते, तिच्या हातात कसब आहे. तिनं मला तेल पाजलं, नव्या ट्यूब घातल्या आणि कोळ्याला अलगद खिडकीत नेऊन सोडलं.

शर्यतीच्या दिवशी टाकीपाशी पोचेपर्यंत आमच्या पुढे कुणीच दिसेना. समितीची गाडी शेजारी आली. "काका, बसा आता. रस्ता उघडायची वेळ झाली."

"तुम्ही व्हा पुढे. मी येतो कडेकडेनं."

गाडी निघून गेली आणि रस्त्यावर वाहनं सुरू झाली. मुलीला हळू चालवायची सवय नव्हती. माझं हँडल लटपटत होतं, ब्रेक करकरत होते, पण मीही हट्टाला पेटले होते. काकांना ओलांडायचं नाही म्हणजे नाही. उतार संपता संपता काका थांबले. भिंतीला हात टेकून मोठमोठे श्वास घेऊ लागले. मुलीचा चेहरा पार उतरला होता. ती एक पाय टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "मला काही घाई नाही, बाबा."

काका थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग निघाले.

पुलाशी पोचलो तर दोरी सोडलेली, मांडव उतरवलेला. शेवटच्या पांढऱ्या रेघेवरच एक टेम्पो उभा होता आणि त्यात खुर्च्या चढत होत्या.

"दादा, टेम्पो जरा मागे घ्या," मुलगी म्हणाली. "आमची शर्यत चालू आहे."

ड्रायव्हरनं काकांच्या छातीवरचा नंबर पाहिला आणि काही न विचारता टेम्पो मागे घेतला. काकांनी रेघ ओलांडली. त्यांच्या मागून मी.

समितीचे चिटणीस लगबगीनं आले. "काका, घड्याळ बंद केलं हो आम्ही. वेळ काय लिहू?"

काकांना धाप लागली होती, बोलता येईना. त्यांनी फक्त माझ्याकडे बोट केलं. सायकल पोचल्याशिवाय शर्यत संपत नाही, हा जुना नियम चिटणीसांना आठवला. मग वळून त्यांनी हमालांना हातातल्या खुर्च्या खाली ठेवायला सांगितल्या.

मित्रांनो, मला वेळेवर तेल द्या, टायरात हवा भरा, इतकं तर मी मागणारच. पण कुठल्याही समारंभात खुर्च्या उचलण्याआधी एकदा रस्त्याकडे नीट बघा. कुणीतरी अजून येत असेल.