समुद्रवीर चूर्णाचं गाऱ्हाणं

रविवारी सकाळी सागरनाथबाबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे पुरुष. कुणालाही विचारा, "कंबर दुखते." अख्ख्या म्हसळा तालुक्याची कंबर एकदम कशी धरली, हे कुणी विचारत नव्हतं, कारण प्रत्येकालाच दुसऱ्याचं दुखणं नेमकं ठाऊक होतं.

हा बाबा म्हणजे रावजी. पाच वर्षांमागे आगरदांड्याच्या जेट्टीवर मोबाईलची कव्हरं विकायचा. आता कपाळभर भस्म.

"समुद्रवीर चूर्ण!" तो ओरडला. "हरिहरेश्वराच्या खडकात, भरती-ओहोटीच्या मधल्या घटकेला उगवणारी मुळी! एका पुडीत सात घोड्यांचं बळ! इंग्रजी औषधाचा कण न्हाय. नियम एकच. एकवीस दिवस कुणाला बोलायचं न्हाय. बायकोला न्हाय, डॉक्टरला तर न्हायच न्हाय. बोललात की गुण गेला!"

आमचे हे, तुळशीराम, हाच नियम पाळून मेले.

मी गोदावरी. तीस वर्षं शाळेत शिकवलं. ह्यांना हृदयाचा त्रास होता. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी कायम खिशात असायची. शिमग्याच्या आदल्या दुपारी त्यांनी ती ठेवली आणि उभ्या जागी कोसळले. दवाखान्यात डॉक्टर क्षिप्राने दोनदा विचारलं, "काका, दुसरं काही घेतलंय का?" ह्यांनी मान हलवली. नाही म्हणाले. तासाभरात गेले. चष्म्याच्या डबीत मला समुद्रवीरच्या तीन पुड्या सापडल्या.

चौतीस वर्षांचा संसार, आणि मला सांगायची ह्यांना लाज वाटली? मेल्या माणसावरही मी चिडले. पण त्यांच्या लाजेवर ज्याने दुकान थाटलं, त्याला मी सोडणार नव्हते.

क्षिप्राने दोन पुड्या तपासायला पाठवल्या. अहवाल आला. मुळी कसली नि काय! पुरुषांच्या त्या तक्रारीवर डॉक्टर जी गोळी देतात, तीच कुटून पिठात कालवलेली. एका पुडीत अर्धी, दुसरीत दोन. "गोळी वाईट नाही हो काकू," क्षिप्रा म्हणाली, "तपासून, मापात दिली तर कितीतरी जण सुखाने घेतात. पण जिभेखालच्या गोळीबरोबर कधीच नाही. दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. रक्तदाब असा खाली जातो की वर येत नाही. काका या तक्रारीबद्दल आधी बोलले असते तर मी त्यांना ही गोळी दिलीच नसती. दुसरा उपाय शोधला असता."

म्हणून त्या रविवारी मी गाऱ्हाणं घालायला नारळ घेऊन अंगणात उभी राहिले. बाईमाणूस पाहून बाबा दचकला, पण देवापुढचं गाऱ्हाणं मध्येच थांबवायची आमच्याकडे कुणाची छाती होत नाही.

"बा सागरदेवा, माझा घरधनी या दारी आला!"

"व्हय महाराजा!" सवयीने सगळे बोलले.

"त्याने पुडी घेतली, नियम पाळला, कुणाला बोलला नाही!"

"व्हय महाराजा!"

"आणि चौथ्या दिवशी मेला!"

"व्हय म..."

मी पुडी पुढे केली. "आता बाबांनी ही आमच्यासमोर खावी. मुळीच आहे ना? खा."

"आज माजा उपास हाय."

"मगाशी दोन वडापाव चेपलेत की!" मागून विनेश म्हणाला. माझाच विद्यार्थी, तोही कंबरवाला.

"खा रे रावजी!" मी पुढे सरले. बाबाला घाम फुटला. त्याचा हात छातीवर गेला, खिशातून चंदेरी पाकीट निघालं, आणि एक गोळी जिभेखाली गेली. ते पाकीट मी ओळखलं, ह्यांच्या खिशातही तेच असायचं. चढणीवर दम लागला की त्याला हेच करताना मी आधीही पाहिलं होतं.

"खा!"

"बाय, लांब कर ती! आता ती खाल्ली तर मरीन मी!"



मी पुडी फोडली आणि माझ्याच तोंडात रिकामी केली. तांदळाचं पीठ होतं, घरच्या डब्यातलं. खरी पुडीच न्यावी, असं सकाळी मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू? हातात घेतलीही होती, मग परत ठेवली.

"पिठाला का घाबरलास रे?" मी विचारलं. "म्हणजे आत काय असतं, कुणाला मारतं, सगळं तुला ठाऊक होतं. आणि बोलू नका हा नियम देवाचा नव्हता. डॉक्टरला कळू नये म्हणून तुझा होता."

क्षिप्राने आधीच कळवलं होतं, त्यामुळे औषध निरीक्षक आणि पोलीस कुंपणाशीच होते. आतल्या खोलीत मिक्सर, पिठाची गोणी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. रावजीला गाडीत घालताना तो माझ्याकडे बघून रडत होता. मला जराही दया आली नाही.

बाबांनो, हे दुखणं देवाचा कोप नाही नि मर्दानगीला डागही नाही. कधी ती साखरेची, कधी हृदयाच्या आजाराची पहिली खूण असते. लाज वाटत असेल तर डॉक्टरच्या खोलीचं दार लावून घ्या, पण तोंड उघडा. कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळ्या सांगा. कुणी दिलेली पुडी, मित्राची गोळी, काही घेऊ नका. घेतलीच असेल आणि छातीत दुखलं, तर पहिल्यांदा तेच सांगा.

सोमवारी मी क्षिप्राच्या दवाखान्यात बसले होते. विनेश आला. मला बघून थबकला, लाल झाला.

"काय रे, कंबर?" मी विचारलं.

"न्हाय बाई," तो म्हणाला. "दुसरंच हाय. डॉक्टरला सांगतो."

एवढंच. आमचे हे एवढंच बोलले असते तर आज घरी असते.