शेवटच्या खुर्चीपर्यंत

“म्हणजे बाई, तुमचं हे सगळं बघून… म्हणजे कसं म्हणू… तुम्ही जरा…”

प्राचार्यांचं वाक्य तिथेच अडलं, आणि समोर मुलाखतीला बसलेल्या बाईंना ते सहन होईना. रंगमंचावर समोरच्याचं वाक्य अडलं की आपण उचलायचं, खेळ पडू द्यायचा नाही, ही त्यांची आयुष्यभराची सवय. जीभ आवरायच्या आत त्या बोलून गेल्या, “एक ना धड भाराभर चिंध्या. असंच म्हणायचं होतं ना सर?”

झालं! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तर असा. तज्ज्ञ म्हणून बाहेरून आलेल्या दाढीवाल्या गृहस्थांनी तोंडावर रुमाल धरला. कार्यालयाचे अधीक्षक खो-खो हसले. प्राचार्य मात्र कानापर्यंत लाल झाले, कारण त्यांना खरंच तेच म्हणायचं होतं.

“माझी थोरली बहीण रोज म्हणते,” बाईंनी त्यांना सावरून घेतलं. “ऐकून ऐकून पाठ झालंय.”

थोरलीचं तरी काय चुकलं? बाईंनी नाटकांत कामं केली, रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या, मालिकांचे संवाद लिहिले, कार्टूनमधल्या एका खडूस कोंबडीला आवाज दिला आणि मधल्या वेळात कॉलेजांतून तासिकेवर नाट्यशास्त्र शिकवलं. शेजारची पोरं त्यांना कोंबडीमावशी म्हणायची आणि त्याही खुशाल त्यांना टोचायला धावायच्या. यातल्या कुठल्याच कामात त्यांना कधी कमीपणा वाटला नव्हता. जन्मभर एकाच खुंटीला बांधून घेतलेल्यांची उलट त्यांना दयाच यायची.

मग आता या वयात कायमच्या जागेसाठी अर्ज कशाला? पगारासाठी, असं थोरली सगळ्यांना सांगत होती. बाईंचा जीव दुसरीकडेच अडकला होता. तासिकेवरच्या मास्तरणीच्या वाट्याला मुलं येतात ती तुकड्या-तुकड्यांनी. जरा कुठं तोंड उघडायला लागली की सत्र संपलं, पुढं त्यांना दुसराच कोणीतरी शिकवणार. कायमची जागा म्हणजे तीन वर्षं तीच मुलं. पहिल्या दिवशी पुटपुटणारं पोर शेवटच्या दिवशी कसं बोलतं, हे बाईंना एकदा तरी डोळ्यांनी बघायचं होतं.

“मग तुम्हीच सांगा,” प्राचार्य जरा मोकळे होत म्हणाले, “एवढ्या दगडांवर पाय कशासाठी?”

“एकेका दगडानं एकेक शिकवलं सर. लिहिताना कळलं, आपली निम्मी वाक्यं कुणालाच नको असतात. रेडिओत चेहरा दिसत नाही, त्यामुळं खोटं लगेच ऐकू येतं. डबिंगमध्ये दुसऱ्याच्या ओठांवर बोलायचं असतं, तिथं आपला शहाणपणा गुंडाळूनच ठेवावा लागतो. मी वर्गात हेच सगळं शिकवते. आणि चांगलं शिकवते.”

“वा,” दाढीवाले म्हणाले.

अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला. “बाई, तुमच्या कोंबडीशिवाय माझी नात घास गिळत नाही. खोटं नाही सांगत. पण नियम असाय, कुठल्या तरी एकाच संस्थेत पाच वर्षं सलग शिकवलेलं पाहिजे. तुमची मिळून कितीतरी जास्त भरतात हो, पण ती…”

आता त्यांचंही वाक्य अडलं. या वेळी बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“सलग नाहीत,” अधीक्षक शेवटी म्हणाले.

“यातून काही वाट निघेल म्हणून यांनी आग्रह धरला,” प्राचार्यांनी दाढीवाल्यांकडे बोट केलं. “म्हणून बोलावलं तुम्हाला. मला वाटत नाही काही होईल. आता नमुना पाठ नाही घेतला तरी चालेल. मुलं बसलीत खाली, त्यांना सांगतो जायला.”

बाईंना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. तोंड वेडंवाकडं न करता त्यांनी पर्स खांद्याला लावली.

“मुलं बसलीत ना? मग घेते.”

खालचा हॉल लांबलचक होता. मुलं पुढं गोळा झाली होती. समिती अगदी मागच्या रांगेत जाऊन बसली. बाईंनी सांगितलं, सकाळी उठल्यापासून काय केलंत ते एकेकानं सांगायचं, शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे. पहिल्याच उंच पोरानं छत हादरवलं.

“ओरडू नकोस बाळा. शेवटचा माणूस बहिरा नाहीये, लांब आहे.”

मुलं हसली आणि वर्ग खुलला. मग बाईंना कशाचंच भान उरलं नाही. कुणाचे खांदे खाली दाबले, कुणाला निम्मी वाक्यं गाळायला लावली, एकाला कोंबडीच्या आवाजात झापलं. मध्येच प्राचार्यांना फोन आला, ते बाहेर गेले. मग दाढीवाल्यांनी घड्याळ बघितलं आणि तेही उठले. अधीक्षक दारातून हात जोडून निघाले.

एका बारक्या आवाजाच्या मुलीची पाळी आली. तिनं मागं बघितलं आणि गोंधळली.

“मॅडम, मागं आता कुणीच नाही. कुणाला ऐकवायचं?”

बाईंनी त्या तीन खुर्च्यांकडे बघितलं. मग त्या चालत मागं गेल्या, प्राचार्यांची खुर्ची जराशी सरळ केली आणि तिच्यात बसल्या.

“मला. बोल.”

मुलगी काहीतरी बोलली. आई, डबा, भांडण, असे दोन-तीन शब्द मागपर्यंत पोचले.

“नाही आलं ऐकू. पुन्हा.”

तिनं पुन्हा सांगितलं. थोडं जास्त पोचलं, पण वाक्याचा शेवट वाटेतच पडला. मुलगी ओशाळली.

“उद्या नीट करू का मॅडम? उद्या तुम्हीच आहात ना?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून आजच ऐकू येऊ दे मला.”

मुलीनं श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.