कारल्याच्या फुलांची वेळ

ट्रुकचं पहिलं पीक बुडावं, असं मला वाटत होतं. हे मी कुणाला बोलले नाही, नवऱ्यालासुद्धा.

चार वर्षं ती माझ्याकडे काकड्या तोडायला आणि खोक्यात भरायला होती. ॲडलेडच्या उत्तरेला, व्हर्जिनिया गावातल्या आमच्या पॉलीहाऊसांच्या रांगेत निम्मे शेतकरी आमच्यासारखेच व्हिएतनामहून आलेले. कुणाचं पान पिवळं पडलं की ते पान माझ्याकडे यायचं, कारण तिकडे व्हिएतनाममध्ये, कान थो शहरातल्या शेतकी महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मग ट्रुकने शेजारचं जुनं पॉलीहाऊस भाड्याने घेतलं आणि लोक तिच्याकडे जाऊ लागले. पान घेऊन नव्हे, नुसतेच, गप्पा मारायला.

तिने कारली लावली.

"नववर्षाला आपल्या घरोघरी भरल्या कारल्याचं सूप लागतंच ना, थोआताई? आणि नावच बघा की! खो क्वा. कष्ट सरले!"

"कष्ट सरले का ते पीक आल्यावर कळेल."

"झाला मास्तरणीचा तास सुरू!" ती म्हणाली. तिच्याकडे गप्पांना जमलेल्या बायका खिदळल्या.

डिसेंबरात तिची कोवळी कारली पिवळी पडून गळू लागली. ती कुंपणापाशी आली.

"ताई, रोज नर फूल तोडून मादी फुलाला लावते. तरी गळतातच. काहीतरी सांगा ना."

"किती वाजता लावतेस?"

"पोरींना शाळेत सोडून आले की. दहा, साडेदहा."

कारल्याचं फूल पहाटे उमलतं. इथे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा; त्या उन्हात दहापर्यंत त्याचे परागकण निकामी होतात. वाक्य अगदी जिभेवर होतं. पण पीक गेलं, तर जानेवारीत ती पुन्हा माझ्या शेडमध्ये खोकी भरत असेल, हेही डोक्यात होतं.

"खत कमी पडत असेल," मी म्हणाले.

पंधरा दिवसांनी तोडणीत एक काकडी हाताला वेगळी लागली. बुडाशी फुगलेली. पुढचीही तशीच. चिरली, तर आत बिया. मी लावते त्या बिनबियांच्या काकडीला पराग चालत नाही. फुलावर मधमाशी बसली की फळ बेढब होतं आणि व्यापारी हात लावत नाही. मी मान वर केली. वेलींमध्ये माश्या गुणगुणत होत्या.

तेवढ्यात ट्रुक तळहाताएवढी दोन कारली नाचवत आली.

"धरली, ताई! खताने काही झालं नाही, म्हणून मागच्या बाजूला मधमाश्यांची पेटी ठेवली. त्या..." तिची नजर माझ्या हाताकडे गेली. "हे माझ्या माश्यांनी केलं?"

"हो."

तिचा चेहरा उतरला. "पेटी आजच हलवते. पण मग माझी कारली?"

आता सांगणं भाग होतं. "फूल सकाळी सहाला लाव. दहाला पराग मेलेले असतात."

तिने हातातली कारली खाली ठेवली.

"हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

मी काकडीच्या फोडी पाटीत टाकल्या.

"पेटी संध्याकाळी हलवते, बाई," ती म्हणाली.

चार वर्षांत तिने मला बाई म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहाला तिच्या पॉलीहाऊसमध्ये रांगेतल्या पाच-सहा बायका जमल्या होत्या, फुलाला फूल लावायला. हसणं माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. मी एकटीच फुगलेल्या काकड्या तोडत होते.