नोएलियासाठी लाल कार्ड

माझा नवरा एर्मेनेहिल्दो, म्हणजे आमचा हिल्दो, आठवडाभर पंक्चर काढतो आणि रविवारी फुटबॉलच्या मॅचला रेफरी असतो. आमच्या इताकुरुबी गावात त्याच्याइतका कोरडा माणूस नाही. आमची मुलगी जन्मली तेव्हा नर्सने तिला त्याच्या हातात दिलं, तर त्याने बाळ मॅचआधी चेंडू तपासतात तसं फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे." एवढंच.

असा माणूस संध्याकाळी दार लोटून, टीव्हीचा आवाज बारीक करून गाण्याची स्पर्धा बघायला लागला, तेव्हा मला वाटलं, ह्याची तब्येत बिघडली. मग एकदा माझा फोन सापडेना. शोधते तर हिल्दो फोन घेऊन बाथरूममध्ये.

"काय करतोयस रे आत?"

"पोट बिघडलंय."

"मग पोटाला माझा फोन कशाला लागतो?"

मग दार उघडून तो बाहेर आला, मान खाली. स्पर्धेतल्या नोएलिया ओर्तेगोसाला मत देत होता. स्वतःच्या फोनवरून देऊन झालं होतं, आता माझ्या फोनवरून.

"लेओ, कुणाला बोलू नकोस. रेफरीला बाजू नसते."

"अरे, ते गाणं आहे!"

"ती काराग्वातायची आहे. आणि येत्या रविवारी आपली मॅच कुणाशी?"

काराग्वातायशीच होती. आमच्याकडे त्या गावाचं नाव निघालं की म्हातारीकोतारीसुद्धा तोंड वाकडं करतात. तिथल्या बेकरीवाल्याच्या मुलीवर इताकुरुबीच्या रेफरीचा जीव जडलाय हे कळलं असतं, तर त्याच्या शिट्टीला कुणी विचारलं नसतं. मी गप्प बसले.

शनिवारी उपांत्य फेरी होती. दिवसभर उकाड्याने जीव नकोसा केला होता, आणि संध्याकाळी कार्यक्रम सुरू व्हायच्या तोंडावर आमच्या भागातली वीज गेली. हिल्दो अंधारात पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरायला लागला. तेवढ्यात शेजारच्या पार्लरवाल्या देओलिंदाने हाक मारली, "लेओ, खुर्च्या घेऊन या! क्लबच्या अंगणात जनरेटरवर टीव्ही लावलाय!"

हिल्दो माझ्या आधी खुर्ची उचलून निघाला. वाटेत मात्र मला म्हणाला, "मी तुझ्यासोबत म्हणून येतोय."

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. मी मध्ये तेरेरेचा, आमच्या थंडगार चहाचा, थर्मास ठेवला, हिल्दोने हाताची घडी घातली. नोएलिया पिवळा झगा घालून पडद्यावर आली आणि आमच्या लोकांनी हुर्यो उडवली. "पाव भाजायला जा!" असं कुणीतरी ओरडलं. मग हार्प वाजायला लागलं आणि तिने गायला तोंड उघडलं. जुनं, संथ गाणं होतं, आमच्या ग्वारानी भाषेतलं. नदीकाठी कुणीतरी कुणाची तरी वाट बघत असतं, तसलं. हुर्यो कधी थांबली कळलं नाही. हिल्दोने माझा हात असा आवळला की अंगठी बोटात रुतली.

शेवटचा सूर तिने लावला आणि सोडेचना. हिल्दोनेही श्वास रोखून धरला. तो आधी लाल झाला, मग जांभळा. मी त्याच्या पाठीत बुक्की घालणार, इतक्यात गाणं संपलं आणि माझा नवरा प्लास्टिकच्या खुर्चीवर उभा राहून बोंबलला, "नोएलियाऽऽऽ!" खुर्चीचा पाय मोडला. तो खाली आला तरी बोंबलतच होता.

सगळं अंगण मागे वळलं.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण पडद्यावर निळ्या चष्म्याचा एक परीक्षक होता, तो नाक वर करून म्हणाला, "आवाज गोड आहे, पण तुझं मन गाण्यात नव्हतं."

हिल्दोने खिशातून शिट्टी काढली. खुर्च्यांमधून वाट काढत तो थेट टीव्हीसमोर गेला आणि अशी जोरात शिट्टी मारली की पहिल्या रांगेतले आमचे खेळाडू सवयीने उठून उभे राहिले. मग त्याने परीक्षकाला लाल कार्ड दाखवलं.

"बाहेर! चल, नीघ मैदानाबाहेर!"

परीक्षक बोलतच राहिला.

"ऐकत नाही बघा हा!" हिल्दो आमच्याकडे वळून म्हणाला. त्याने पुन्हा कार्ड दाखवलं, हात लांब करून कपडे बदलायच्या खोलीकडे बोट दाखवलं, आणि मग देओलिंदाच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. देओलिंदाने एका हाताने त्याला थोपटलं. दुसऱ्या हातात फोन होता. त्यावर ती मघापासून सगळं चित्रीकरण करत होती.

सकाळपर्यंत अख्ख्या पाराग्वायने ते पाहिलं.

क्लबचे अध्यक्ष नाश्त्यालाच येऊन धडकले. "हिल्दो, आज तू आजारी पड."

"मी ठणठणीत आहे."

"अरे, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी फाऊल करू नये. बाकी काय म्हणायचं ते म्हणोत."

मैदानावर काराग्वातायच्या बायकांनी त्याच्या गळ्यात चिपाच्या, म्हणजे चीज घातलेल्या पावाच्या, कड्यांची माळ घातली. त्याने ती गंभीरपणे काढून लाइनमनकडे दिली. लाइनमनने पूर्वार्धातच निम्मी खाऊन टाकली. इकडे आमचे लोक, हिल्दोने थ्रो-इन जरी काराग्वातायला दिला, तरी एका सुरात नोएलियाचं गाणं म्हणायचे. मी पदार्थांच्या टपरीमागे तोंड लपवून उभी होते.

शेवटी शेवटी, एकेक गोल झालेला असताना, आमच्या काब्रालने त्यांच्या पोराला गोलसमोर आडवा केला. शिट्टी वाजली. पेनल्टी! मैदान पेटलं. काब्राल तावातावाने हिल्दोच्या छातीला छाती भिडवून उभा राहिला.

"काका, खरं सांग. मी पाडलं म्हणून दिलीस, की ती गाते म्हणून?"

"तू पाडलंस म्हणून. ती गाते चांगलं, ते वेगळं."

काब्राल जरा घुटमळला. मग हळूच म्हणाला, "चांगलं गाते हे खरंय. माझी आईपण तिलाच मत देते."

"काय म्हणालास?" मागून गोलकीपर ओरडला.

"आई मत देते तिला!"

"माझी बायकोपण!" गोलकीपर म्हणाला आणि लगेच आजूबाजूला बघायला लागला.

मग काय, बांध फुटला. डॉक्टरीणबाईंनी तिला मत दिलं होतं, चक्कीवाल्याने दिलं होतं, "पाव भाजायला जा" ओरडणाऱ्यानेसुद्धा दिलं होतं. अध्यक्ष तेवढे पायाखालचं गवत बघत उभे राहिले. या गोंधळात काराग्वातायच्या पोराने पेनल्टी बारवरून शेजारच्या तळ्यात मारली, आणि मॅच बरोबरीत सुटली.

अंतिम फेरीत नोएलिया दुसरी आली. हिल्दो दोन दिवस जेवला नाही, म्हणजे एकेकदाच जेवला. मग एका सकाळी दुकानासमोर गाडी थांबली. नोएलिया आणि तिची आई उतरल्या, हातात बेकरीची मोठी टोपली. मी हाक मारायला वळले तर हिल्दो गायब. दुकानात उभ्या असलेल्या ट्रकखालून त्याचे बूट तेवढे दिसत होते.

"बाहेर ये."

"काम आहे."

"ह्या ट्रकला काहीही झालेलं नाही, हिल्दो."

बूट हलले नाहीत. शेवटी नोएलियाच उकिडवी बसली आणि बुटांशी बोलायला लागली. "काका, ते परीक्षक बरोबर बोलले होते हं. माझं मन नव्हतंच. सँडल चावत होते."

"तरी त्याने असं बोलायचं नव्हतं," ट्रकखालून आवाज आला.

ती हसली, आणि तिथेच, टायरांच्या ढिगाशेजारी बसून, तेच गाणं हळू आवाजात तिने अख्खं म्हटलं. देओलिंदाच्या पार्लरमधल्या बायका डोक्याला रंग लावलेल्या तशाच बाहेर आल्या. गाणं संपल्यावर हिल्दो सरपटत बाहेर आला. तोंड ग्रीसने काळं, त्यावर दोन स्वच्छ ओघळ. त्याने तिच्या गाडीभोवती फिरून चारही चाकं दाबून पाहिली, हवा भरली, आणि मग हात मागे बांधून उभा राहिला.

त्या निघाल्या. गाडी कोपऱ्यावर वळणार, तोच हिल्दो धावत सुटला. मी पाहिलं, तो खिडकीत वाकून काहीतरी बोलला, नोएलियाने मान हलवली, आणि तो धापा टाकत परत आला.

"सांगितलंस ना एकदाचं, तिचं गाणं किती आवडतं ते?"

"नाही. मागचं डावं चाक झिजलंय, सांभाळून जा म्हणालो."

"हिल्दो!"

"रस्ता खराब आहे, लेओ," तो म्हणाला, आणि टोपलीतला एक चिपा घेऊन उन्हात बसला.