हरण्यात मुरलेला माणूस

"तुमचा नेहमीचा स्कोअर किती?" मिनेगिशीबाईंनी इवासांना विचारलं.

जपानमधल्या ताकासाकीच्या हमरस्त्यालगत बाई जुने गोल्फ-क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, विकत, आणि त्यांच्या दुकानात हा प्रश्न येणाऱ्या प्रत्येकाला विचारला जायचा. स्कोअर कळला की माणसाला जड दांडा द्यायचा की हलका, हे बाईंना ठरवता यायचं. लोक धडाधड उत्तर द्यायचे, वर दहा फटके कमी करूनच सांगायचे. त्रेसष्ट वर्षांच्या इवासांना मात्र उत्तर सुचेना.

"कोणाबरोबर खेळतो, त्यावर आहे," ते शेवटी म्हणाले.

"वाऱ्यावर असतो, मैदानावर असतो, हे ऐकलंय. माणसावर कसा असेल?"

"समोरच्याचे शंभर झाले तर माझे एकशे दोन. त्याचे नव्वद झाले तर ब्याण्णव."

बाईंनी चष्मा खाली ओढून त्यांच्याकडे पाहिलं. "सेल्समध्ये होतात?"

"रंगाच्या कंपनीत. तीस वर्षं."

"वाटलंच," बाई म्हणाल्या.

गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो, आणि इवासांचे फटके दोन-तीन जास्तच भरायचे. तोच त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. रंग घेणारे कंत्राटदार, कारखान्यांचे खरेदीप्रमुख यांना रविवारी मैदानावर न्यायचं आणि त्यांच्याकडून हरायचं. हरायचं म्हणजे सपाटून हरायचं नाही, त्यात गिऱ्हाइकाला गंमत वाटत नाही. अठरापैकी सोळाव्या होलपर्यंत बरोबरीत राहायचं, सतराव्याला थोडं पुढे जाऊन त्याच्या पोटात गोळा आणायचा आणि अठराव्याला हरायचं. त्याचा चेंडू गवतात गेला तर आपण आधी पोचायचं आणि बुटाच्या टोकानं तो हळूच बऱ्या जागी सरकवायचा. या कामात इवासांचा हात धरणारा कंपनीत दुसरा कोणी नव्हता. गेल्या वसंतात ते निवृत्त झाले, तेव्हा कंपनीचं नाव छापलेली बॅग क्लबांसकट त्यांच्या जागी आलेल्या माणसाकडे गेली. शिल्लक राहिले ते रिकामे रविवार.

आता त्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. आपण खरोखर कसे खेळतो, हे त्यांना मरायच्या आत एकदा बघायचं होतं.

बाईंनी त्यांना दुकानामागच्या जाळीसमोर उभं केलं आणि चार-सहा चेंडू मारायला लावले.

"चेंडूपर्यंत झकास येता," त्या म्हणाल्या, "आणि नेमका तिथे हात आखडता घेता. लग्नात आहेर देताय का?"

मग त्यांनी क्लबांचे दोन संच समोर ठेवले. एक नव्यासारखा चकचकीत. दुसऱ्याच्या, चेंडूला लागणाऱ्या प्रत्येक लोखंडी पात्याच्या मधोमध पैशाएवढा निस्तेज डाग पडलेला. इवासांनी चाचपणी केली. खाचांवरून नख फिरवलं, दांडा पात्यात शिरतो तिथे गंज आहे का पाहिलं, मुठीचं रबर दाबून पाहिलं. रबर दगड झालं होतं, बाकी माल खणखणीत होता.

"चकचकीत आहे तो कोणीतरी हौसेनं घेतला आणि कपाटात ठेवला," बाई म्हणाल्या. "आणि ह्याचा मालक बघा. सगळे घाव एका जागी. त्या माणसाला खेळता येत होतं."

"मग त्यानं विकले का?"

"पाठ, गुडघे, बायको. दुसरं काय असतं?"

जो माणूस खरंखुरं खेळला, त्याचे क्लब हातात घ्यायला इवासांना उगीचच चोरट्यासारखं वाटलं. तरी त्यांनी तेच घेतले. मुठी बाईंनी नव्या चढवून दिल्या.

आता खेळायचं कोणाबरोबर, हा प्रश्न राहिला. तीस वर्षांत शेकडो माणसांबरोबर खेळलेल्या इवासांना एकही खेळगडी नव्हता. गिऱ्हाइकं कंपनीची होती, ती कंपनीकडेच राहिली. पण एकट्यानं नाव नोंदवायची सोय हल्ली फोनवर असते. आपण आपलं नाव टाकायचं, तशीच सुटी माणसं टाकतात, आणि मैदानवाले त्यांची मोट बांधतात. इवासा जेवणाच्या टेबलाशी बसून नाव, वय भरत होते. नेहमीच्या स्कोअरची जागा त्यांनी कोरी ठेवली.

त्यांची बायको फुमिए मुळा किसता किसता बघत होती. "अहो, तिथे ओळखीचं कोणी नसणार ना?"

"नाही."

"मग तुम्ही हरणार कोणाकडून?"

"या वेळी हरायला नाही जात मी."

"जित्याची खोड आहे ती," फुमिए म्हणाली. "परवा त्या शेजाऱ्यांच्या नातवानं पत्त्यांत तुम्हाला हरवलं. पाच वर्षांचा आहे तो. सुकाळीचा घरी जाऊन सांगत होता, की इवासाआजोबांना पत्ते येत नाहीत." ती हसली, पण मग किसणी खाली ठेवून म्हणाली, "जा. खरंच जा. जिंकून आलात तर मला सांगा. इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत."

गुरुवारी सकाळी इवासा तोने नदीच्या पात्रातल्या मैदानावर पोचले. नदीकाठची ही मैदानं सपाट आणि स्वस्त असतात, तिथे टाय लावून कोणी येत नाही. तांबडी विजार आणि कानटोपी घातलेला एक लहानखुरा म्हातारा आधीच मैदानावरच्या छोट्या गाडीत बॅगा चढवून बसला होता. नाव कुरामोची, वय एक्याऐंशी, उभी हयात बस चालवण्यात गेलेली.

"तिसरा येणार होता, पण त्याला म्हणे थंडी वाजतेय," कुरामोची म्हणाला. "वय बावन्न. चला, आपण दोघंच."

म्हाताऱ्यानं पहिला चेंडू ठेवला, क्लब उचलला आणि इवासांच्या तोंडून निघून गेलं, "वा, काय फटका आहे."

"अजून मारला नाही मी," कुरामोची म्हणाला.

इवासा कानापर्यंत लाल झाले. त्यानंतर मात्र ते जपून खेळले. जुने क्लब हाताला लागले. चौथ्या होलवर एक चेंडू असा सुटला की त्यांचं त्यांनाच हसू आलं. म्हातारा लांब मारत नव्हता, पण सरळ मारत होता, आणि आकडे मोठ्यानं सांगत होता. दुपारी जेवायच्या सुट्टीत सॉसमधल्या कटलेटचा भात खाताना त्यानं आपली कर्मकथा सांगितली. डेपोतल्या तिघांबरोबर तो दर गुरुवारी इथेच खेळायचा. तिघंही एकामागून एक गेले, शेवटचा ओशिमा गेल्या हिवाळ्यात.

"आता फोनवर नाव टाकतो. माणसं चांगली भेटतात. पण फार चांगली," तो म्हणाला, आणि त्यानं भात संपवला.

शेवटच्या होलपर्यंत दोघं बरोबरीत आले. कुरामोचीचे फटके संपले होते. इवासांचा चेंडू खळीपासून हातभर अंतरावर होता. तो गेला की बरोबरी, चुकला की सामना म्हाताऱ्याचा. ते वाकले. त्यांना तो चेंडू आत घालायचा होता, अगदी मनापासून घालायचा होता. त्यांनी पटर, चेंडू हळूच ढकलायचा तो क्लब, हलवला, आणि चेंडू खळीच्या कडेला घासून पलीकडे गेला.

"अरेरे," इवासा म्हणाले.

तोंडातून पडताक्षणी तो शब्द त्यांच्या कानाला ओळखीचा वाटला. तीस वर्षं घोटलेला तो अरेरे होता. त्यात हळहळ नेमकी हवी तेवढी होती आणि शेवटी समोरच्याचं अभिनंदनही होतं. कुरामोचीनं टोपी काढून नमस्कार केला आणि तो ताडताड चालायला लागला.

मैदानावरच्या हमामात, खेळून झाल्यावर न्हायच्या जागी, दोघंच होते. अंग धुऊन कढत पाण्यात गळ्यापर्यंत बसल्यावर कुरामोचीनं डोक्यावर ओला पंचा ठेवला.

"मी चाळीस वर्षं बस चालवली," तो म्हणाला. "गाडी आपोआप थांबली की ड्रायव्हरनं थांबवली, हे मला डोळे मिटून कळतं. तू मघाशी ब्रेक लावलास."

तो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला होता, आणि इवासांना ते हक्काचं वाटलं.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

"ठाऊक नाही म्हणजे?"

"म्हणजे खरंच ठाऊक नाही. मला तो घालायचा होता. पण माझा तो धंदाच होता. हरायचा. हातानं परस्पर केलं असेल, तर मला विचारलं नाही." त्यांनी ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं. "मला फक्त माझा खरा खेळ बघायचा होता, कुरामोची-सान. आता वाटतं, तो शिल्लकच नाही."

म्हाताऱ्यानं डोक्यावरचा ओला पंचा काढून पिळला.

"माझं ऐक," तो म्हणाला. "आमचा ओशिमा मला शिव्या घालायचा. मुद्दाम माझ्या फटक्याच्या वेळी खोकायचा. आणि जिंकला की आठवडाभर डेपोत सगळ्यांना सांगत फिरायचा. आता जो भेटतो तो माझं वय बघतो. दोन हात लांबचा चेंडू असला तरी म्हणतात, राहू द्या आजोबा, गेला असं धरू. मला हरवणारं कोणी उरलं नाही रे. एवढ्या पहाटे उठून मी काय लाड करून घ्यायला येतो?"

आपण आयुष्यभर माणसांना काय देत आलो, हे इवासांना पहिल्यांदाच घेणाऱ्याच्या बाजूनं दिसलं, आणि त्यांना शरम वाटली.

"पुढच्या गुरुवारी ये," कुरामोची म्हणाला. "ब्रेक घरी ठेवून ये."

पुढच्या गुरुवारी आकागी डोंगरावरून कोरडा वारा सुटला होता. चेंडू ठेवला की घरंगळायचा. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. इवासा तोंडाला कुलूप घालून खेळले. म्हाताऱ्याचा फटका चांगला गेला तरी वाहवा करायची नाही, वाईट गेला तरी हळहळायचं नाही, याचे त्यांना क्लब फिरवण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. जेवणापर्यंत कुरामोची एका फटक्यानं पुढे होता आणि ते तो वाढणाऱ्या बाईलाही सांगून आला.

दुपारनंतर म्हातारा थकला. वारा त्याला ढकलत होता. सतराव्याला त्याचा चेंडू वाकडा गेला आणि नदीकडच्या लव्हाळ्यात शिरला. इवासा सवयीनं आधी पोचले. चेंडू एका खुराएवढ्या खळग्यात रुतून बसला होता. मागे कुरामोची एक-एक पाऊल टाकत येत होता, वाऱ्यापायी मान खाली घातलेली. त्याला काही दिसणार नव्हतं. बुटाचं टोक वीतभर हललं असतं, तर चेंडू सपाटीवर आला असता.

इवासांचा उजवा पाय उचलला गेला. या वेळी त्यांना तो उचललेला कळला. एक्याऐंशी वर्षांचं माणूस, त्यात हा वारा, आणि एवढ्याशा चेंडूनं कोणाचं काय बिघडणार होतं? त्यांना म्हाताऱ्याची खरोखर दया आली. मग हमामातलं ते बोलणं आठवलं, आणि त्यांनी पाय मागे घेतला.

"इथे आहे," ते ओरडले. "खळग्यात आहे. वाईट आहे."

कुरामोची आला. चेंडूकडे त्यानं पाहिलं, मग इवासांच्या बुटांकडे पाहिलं.

"वाईटच आहे," तो म्हणाला आणि क्लब काढला.

पहिल्या फटक्याला चिखल उडाला. दुसऱ्याला चेंडू आणखी रुतला. तिसऱ्याला बाहेर आला तो कसाबसा. इवासा बाजूला उभे राहून बघत होते. आपली नखं तळहातात रुतलेली त्यांना नंतर दिसली. अठराव्याला त्यांचा शेवटचा चेंडू मागच्या खेपेपेक्षा लांब होता. त्यांनी तो मारला आणि तो आत गेला. आत पडल्याचा आवाजही वाऱ्यात ऐकू आला नाही.

इवासांचे चौऱ्याण्णव झाले. गावात शंभर जणांचा असतो तसाच हा स्कोअर, फुशारकी मारावी असं त्यात काही नव्हतं. पण तो दुसऱ्या कोणाच्या आकड्यात दोन मिळवून आलेला नव्हता. कुरामोचीचे एकशे एक झाले.

म्हातारा रागावला होता. लटका राग नव्हे, चांगला तांबडालाल झाला होता. गाडीत बोलला नाही, हमामात बोलला नाही, पाठ जोरजोरात घासत राहिला. गोल्फच्या मैदानावर इवासांवर आजवर कोणी रागावलं नव्हतं. त्यांना आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि त्याच वेळी रडूही येत होतं. माफी मागायला शब्द जिभेवर आले होते, ते त्यांनी मोठ्या कष्टानं गिळले.

कपडे घालून दोघं बाहेरच्या बाकाशी आले. तिथे बाटलीबंद दुधाचं यंत्र होतं. कुरामोची त्याच्यासमोर उभा राहून नाणी घालू लागला. एक नाणं खाली पडलं आणि घरंगळलं. इवासा पटकन उठले, त्यांचा हात खिशातल्या पाकिटावर गेला.

"बस खाली," कुरामोची खेकसला. "हरलाय कोण? तू की मी?"

इवासा खाली बसले. म्हातारा वाकला. वाकायला त्याला वेळ लागला. गुडघ्यावर एक हात ठेवून त्यानं यंत्राखालून ते नाणं ओढून काढलं, सरळ झाला, पुन्हा घातलं. मग गार बाटली आणून त्यानं इवासांच्या समोर बाकावर आपटली. स्वतःसाठी घेतली नाही.

"पी," तो म्हणाला. "आणि पुढच्या गुरुवारी बघतो तुला."

इवासांनी बाटली दोन्ही हातांत घेतली. आजवर जिंकणाऱ्या माणसांना त्यांनी किती पाजलं होतं, पण जिंकलेल्यानं कसं प्यायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुरामोची समोर उभा राहून वाट बघत होता. तेव्हा ते उठले, ताठ उभे राहिले, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी ते सगळं दूध पिऊन टाकलं.