पुतळ्यासाठी अडवलेला निरोप

माझ्यावर आता कुणी बसत नाही, मित्रांनो. मी एक जुनी, बिनहातांची लाकडी खुर्ची. एका शिल्पकाराने मला सुताराकडून मुद्दाम करून घेतले. "बसणाऱ्याला डुलकी लागता कामा नये," असे त्याने बजावल्यामुळे माझी पाठ काठीसारखी ताठ राहिली.

शिल्पकार मोठा गुणी. पहारेकरी, धोबीण, शेजारचे आजोबा, ज्याला माझ्यावर बसवी त्याला मातीत जिवंत करी. लोक तोंडात बोट घालत. मलाही तेव्हा फार मान होता. रोज मला फडक्याने पुसत.

सगळ्यांत जास्त बसली ती त्याची ताई. आईवडील लवकर गेले. ताईने शिवणकाम करून त्याला वाढवले, शिकवले. जग त्याला 'गुरुजी' म्हणे. ती म्हणे 'बाळ्या'.

एकदा त्याने 'वाट पाहणारी आई' घडवायला घेतली. चेहरा काही केल्या जमेना. एके दुपारी ताई आली तीच घाईत.

"बाळ्या, आज लवकर सोड हं. पोरीचं अंग तापलंय. शेजारणीला बसवून आलेय."

तिच्या डोळ्यांतली काळजी त्याने पाहिली आणि त्याचे हात भराभर चालू लागले.

थोड्याच वेळाने दार वाजले. ताईची पाठ दाराकडे होती. शिल्पकार बाहेर जाऊन बोलला, त्यामुळे तिला काही ऐकू गेले नाही; पण आम्हा लाकडांचे कान तिखट. ताईचा शेजारी धापा टाकत म्हणाला, "मुलीला दवाखान्यात नेलंय. सारखी आईला बोलावतेय. मी पुढे होतो, ताईंना लगेच पाठवा."

"पाठवतो," शिल्पकार म्हणाला आणि आत येऊन त्याने दार लावून घेतले.

"कोण होतं रे?"

"कुणी नाही. मान हलवू नकोस."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते! खिडकीतला उजेड सरेपर्यंत ती बसून राहिली. मग त्याने निरोप सांगितला. ती अनवाणीच धावली. पण ती पोचली, तेव्हा मुलगी गेली होती.

काही दिवसांनी ती आली. शेजाऱ्याने तिला सगळे सांगितले होते.

"का रे असं केलंस?"

"तो चेहरा पुन्हा मिळाला नसता, ताई. माणसं येतात नि जातात. हे टिकेल. माझ्यासारख्याला चारचौघांचे नियम लावू नकोस."

"ती मला हाक मारत होती रे," एवढेच ताई बोलली आणि गेली.

पुतळा चौकात उभा राहिला. हारतुरे झाले. "मोठ्या माणसांना सगळं माफ असतं," असे त्याचे विद्यार्थी मोठ्या कौतुकाने म्हणत. ताई मात्र बाजाराला लांबच्या रस्त्याने जाऊ लागली. शिल्पकाराने माझ्यावर पुन्हा कुणालाच बसवले नाही. रंगाचे डबे तेवढे बसले. कोपऱ्यात धूळ खात मी एकटी, आणि मातीच्या माणसांच्या घोळक्यात तोही एकटा.

म्हातारपणी त्याची उजवी बाजू लुळी पडली. विद्यार्थी फळे ठेवून निघून जात. मग एका सकाळी ताई आली. तिने डबे उतरवले, मला पुसून खाटेजवळ ओढले आणि माझ्यावर बसून त्याला चमच्याने भात भरवू लागली. रोज येई, भरवून जाई.

एकदा त्यानेच अडखळत विचारले, "ताई, माफ केलंस मला?"

"नाही," ती म्हणाली. "आ कर. आजारी माणसाला भरवायला माफी कशाला लागते?"

तो रडू लागला. तिने पदराने त्याचे तोंड पुसले आणि पुढचा घास भरवला.

आता दोघेही नाहीत. पुतळा अजून सुंदर दिसतो म्हणतात. दिसत असेल. मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या खूप मोठे होईल, जरूर व्हा. पण कुणासाठी हाक आली, तर हातातले काम तसेच टाकून आधी ती पोचवा. माती काय, पुन्हा भिजवता येते.